अल्बर्टची गलोल

प्रायश्चित्तकाळातील रविवारची सकाळ. अल्सासमधील गुन्सबाख गावी लुथरन पाळकांचा सात-आठ वर्षांचा मुलगा अल्बर्ट श्वाइत्झर मित्राच्या आग्रहाने गलोल घेऊन टेकडीवर गेला. झाडावर पाखरे निर्धास्त गात होती. मारावेसे वाटेना, पण नको म्हटले तर मित्र हसेल! त्याने नेम धरला. इतक्यात चर्चची घंटा वाजली. (त्या चर्चमध्ये कॅथलिकही उपासना करीत.) गलोल टाकून त्याने पाखरांना हुसकावले आणि घर गाठले. बंधुभगिनींनो, मित्रांच्या हसण्याला आपण मोठेही किती भितो!

घंटा दर वेळी वाजत नाही. एका सुट्टीत शेजाऱ्याचा दमेकरी, म्हातारा घोडा हाकताना, तो थकलेला दिसत असूनही, गाडी पळवण्याच्या हौसेपायी अल्बर्टने चाबूक ओढला. घोडा सोडताना त्याच्या धापणाऱ्या कुशी आणि थकलेले डोळे दिसले. अल्बर्टने मनोमन त्याची क्षमा मागितली.

पुढे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून, तिशीत वैद्यकीचे शिक्षण घेऊन, १९१३ साली त्यांनी आफ्रिकेत लांबारेने येथे इस्पितळ काढले. १९१५ साली ओगोवे नदीच्या प्रवासात त्यांना ‘जीवनाविषयी आदर’ हे सूत्र गवसले. १९६५ साली ते तिथेच वारले. त्या इस्पितळाच्या आवारात रुग्णांबरोबर पोरकी हरणेही वावरत.