लाकडी घरातील मातीच्या विटा

उत्तर कॅलिफोर्नियातील पेतालूमा येथे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा एक भव्य दुमजली वाडा आहे. आज त्याचा जेमतेम निम्मा भाग उरला असला, तरी तो बांधणाऱ्या मारियानो ग्वादालूपे व्हायेहो यांच्या वैभवाची साक्ष तो देतो.

व्हायेहो यांचा जन्म ४ जुलै १८०७ रोजी माँटेरे येथे झाला. मेक्सिकोच्या राजवटीत उत्तर सीमेचे सेनाधिकारी म्हणून त्यांनी १८३५ मध्ये सोनोमा हे गाव वसवले. पाठोपाठ पेतालूमाचा वाडा उभा राहू लागला. सुमारे ६६ हजार एकरांच्या या जहागिरीचे उत्पन्न मुख्यत्वे गुरांची कातडी आणि चरबी यांवर चाले. मात्र विटा पाडणारे आणि शेतात राबणारे हात तेथील आदिवासींचे होते. त्यांच्याच भूमीवर ही संपत्ती उभी राहिली. १८३७ पासूनच्या देवीच्या साथीत त्यांतील असंख्य जण दगावले.

कॅलिफोर्निया अमेरिकेत विलीन व्हावा, असे मत असलेल्या व्हायेहोंनाच १४ जून १८४६ रोजी अमेरिकी बंडखोरांनी कैद केले. सुटून परतले तेव्हा त्यांची गुरे-घोडी लुटली गेली होती. तरीही १८४९ च्या राज्यघटना परिषदेत ते सहभागी झाले आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडून आले.

१८५१-५२ मध्ये पत्नी फ्रान्सिस्का बेनिसिया आणि मुलांसह राहण्यासाठी त्यांनी सोनोमाजवळ नवे घर बांधले. बाहेरून ते अमेरिकी गॉथिक शैलीचे, लाकडी. पण भिंतींच्या पोकळीत कच्च्या विटा रचलेल्या. त्यामुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब राही. आवारातील झऱ्यावरून या घराला ‘लाक्रिमा मोन्तिस’, म्हणजे डोंगराचा अश्रू, असे लॅटिन नाव मिळाले. झऱ्याच्या पाण्यावर द्राक्षमळे आणि फळबागा बहरल्या.

जमिनीची मालकी सिद्ध करण्याची सक्ती मात्र १८५१ च्या कायद्याने जुन्या जहागीरदारांवर लादली होती. व्हायेहोंनी १८५७ मध्ये पेतालूमाचा वाडा विकला. १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोस्कोल जहागिरीवरील त्यांचा दावा फेटाळला. उतारवयात हे घर आणि भोवतीची थोडी जमीन एवढेच त्यांच्यापाशी राहिले. तेथेच १८ जानेवारी १८९० रोजी त्यांनी देह ठेवला.

१९३३ मध्ये हे घर कॅलिफोर्निया राज्याने ताब्यात घेतले. पेतालूमाचा वाडाही पुढे राज्याच्या जतनाखाली आला. गेलेली जहागीर आणि पदरी राहिलेली बाग, दोन्ही आज पाहता येतात.