कुन्नूरच्या उंदरांचे डॉक्टर

घरात पांढऱ्या उंदरांची जोडी आली की पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, यांना खायला काय द्यायचे? कोणी बिस्किटाचा तुकडा टाकतो, कोणी पावाचा चुरा, तर कोणी ताटातला उरलेला भात. उंदीर सगळेच खातो, म्हणून त्याला काहीही चालते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज किती चुकीचा आहे, हे सुमारे शंभर वर्षांपूर्वी निलगिरीच्या डोंगरात एका डॉक्टरने हजारो उंदीर पाळून दाखवून दिले. त्या उंदरांच्या वाट्या भरता भरता त्याने भारतीय माणसाच्या ताटाचाही हिशेब मांडला. त्यांचे नाव सर रॉबर्ट मॅकॅरिसन.

मॅकॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ रोजी उत्तर आयर्लंडमधील पोर्टाडाउन या गावी झाला. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातून १९०० मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि भारतात आले. सुरुवातीची नेमणूक चित्राळमध्ये, हिंदुस्थानच्या अगदी वायव्य टोकाला. १९०४ पासून ते गिलगिटला सरकारी शल्यचिकित्सक होते. तिथे त्यांच्यापुढे गलगंडाचा प्रश्न उभा राहिला. एकाच ओढ्याचे पाणी पिणाऱ्या गावांमध्ये वरच्या गावात गलगंडाचे रुग्ण कमी आणि ओढ्याच्या काठाने खाली जावे तसे जास्त, हे त्यांनी गावोगाव हिंडून मोजले. वरच्या वस्त्यांची घाण ओढ्यात मिसळत खाली येत होती. त्या पाण्यातला गाळ वेगळा काढून त्यांनी काही स्वयंसेवकांना दिला आणि स्वतःही प्यायला. काहींच्या गळ्याला सूज आली. तोच गाळ उकळून घेतला तर सूज येत नाही, हेही त्यांनी पाहिले. शंका आली की प्रयोग करायचा, आणि प्रयोगात सुरुवात स्वतःपासून करायची, ही त्यांची पद्धत होती.

गिलगिटच्या शेजारी हुंझाचे खोरे आहे. तिथल्या लोकांची काटक शरीरे मॅकॅरिसन यांनी वर्षानुवर्षे पाहिली. त्यांचे अन्न साधेच होते. न चाळलेल्या पिठाची भाकरी, भाज्या, दूध, जर्दाळूसारखी फळे आणि क्वचित मांस. मैदानातल्या, तुलनेने सुखवस्तू माणसांना होणारे पोटाचे कितीतरी आजार या लोकांत जवळजवळ दिसत नव्हते. हा फरक हवेचा, रक्ताचा की अन्नाचा? माणसांवर हे तपासणे अवघड होते. माणूस आयुष्यभर एकच अन्न खात नाही, आणि प्रयोग करणाऱ्याचे आयुष्य तेवढे लांब नसते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते तामिळनाडूतील कुन्नूर येथे आले. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिळालेल्या जागेत १९१८ मध्ये बेरीबेरी या आजारावर संशोधन सुरू झाले. बेरीबेरीत हातापायांतली शक्ती जाते, सूज येते, हृदय थकते. पॉलिश केलेल्या तांदळावर राहणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळे. त्याआधी जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरने पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये असाच लुळेपणा पाहिला होता. मॅकॅरिसन यांनी कबुतरांवर काम सुरू केले. नुसता लुळेपणा पाहून ते थांबले नाहीत. आतडी, यकृत, ग्रंथी असा प्रत्येक अवयव त्यांनी तपासला. निकृष्ट अन्नाचा परिणाम एखाद्या मज्जातंतूपुरता राहत नाही, तर सगळे शरीर आतून पोखरले जाते, हा त्यांचा निष्कर्ष १९२१ च्या त्यांच्या ग्रंथात आला.

पुढच्याच काळात सरकारी खर्चकपातीची कुऱ्हाड चालली आणि १९२३ मध्ये हे संशोधन बंद करण्यात आले. लाखो लोक ज्या अन्नामुळे दुबळे राहत होते, त्या अन्नाचा अभ्यास सरकारला अनाठायी खर्च वाटला. मॅकॅरिसन काही काळ इंग्लंडला गेले, तिथे काम करत राहिले, आणि १९२५ मध्ये कुन्नूरला परतून त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा उभी केली. आता त्यांच्या कामाचा केंद्रबिंदू होता पांढरा उंदीर.

उंदीरच का? उंदीर माणसासारखाच सर्वभक्षी आहे. धान्य, डाळ, दूध, मांस, भाजी हे सगळे तो खातो आणि पचवतो. त्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे असते. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, आणि एका वेताला साधारण आठ ते बारा पिल्ले. म्हणजे बालपण, तारुण्य, गर्भारपण, म्हातारपण असा अन्नाचा परिणाम दोन वर्षांत डोळ्यांसमोर येतो. उंदराची दोन वर्षे म्हणजे माणसाची साधारण पन्नास, असा मॅकॅरिसन यांचा हिशेब होता. अमेरिकेत मॅककॉलम या शास्त्रज्ञाने १९०८ च्या सुमारास आहाराच्या अभ्यासासाठी पांढरे उंदीर पाळायला सुरुवात केली होती आणि त्यातूनच पुढे जीवनसत्त्व ‘अ’चा शोध लागला होता.

प्रयोगात आजारी पडणारे उंदीर तपासायचे, तर आधी निरोगी उंदीर कसा असतो हे माहीत हवे. म्हणून मॅकॅरिसन यांनी एक मोठा कळप केवळ उत्तम तब्येतीत ठेवण्यासाठी पाळला. त्यांच्या पिंजऱ्यांत जागा ऐसपैस होती, भरपूर उजेड आणि मोकळी हवा होती, अंथरूण नियमित बदलले जाई. खाण्यात लोणी लावलेल्या कणकेच्या पोळ्या, मोड आलेले हरभरे, कोबी आणि गाजरासारख्या कच्च्या ताज्या भाज्या, दूध, आठवड्यातून एकदा थोडे हाडासकट मांस, आणि प्यायला भरपूर स्वच्छ पाणी. या आहाराचा नमुना त्यांनी पंजाबातल्या शीख शेतकऱ्यांच्या जेवणावरून घेतला होता.

सव्वादोन वर्षे हा कळप त्यांनी रोज पाहिला. मेलेला किंवा मुद्दाम मारलेला प्रत्येक उंदीर चिरून तपासला. हजाराहून अधिक उंदरांमध्ये आजार जवळजवळ सापडलाच नाही. बाळंतपणात मादी दगावली नाही, आणि अपघात सोडले तर पिल्लेही दगावली नाहीत. त्याच आवारात, तशाच स्वच्छ पिंजऱ्यांत, तीच निगा राखून पण निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या दुसऱ्या गटांचे चित्र अगदी वेगळे होते. फुफ्फुसाचे आजार, जठराचे व्रण, आतड्याची सूज, मूत्राशयातले खडे, कानाचे आणि डोळ्यांचे विकार, गर्भपात, अशक्त पिल्ले अशी यादी लांबत गेली. निगा सारखीच होती, फरक फक्त अन्नाचा होता.

यानंतरचा प्रयोग सर्वांत गाजला. भारताच्या वेगवेगळ्या भागांत लोक जे जेवतात, तेच रांधून उंदरांना द्यायचे. एकाच वजनाचे वीस-वीस तरुण उंदीर घेऊन सात गट केले गेले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी अशी त्यांना आहारानुसार नावे होती. ठरावीक दिवसांनी वजने घेतली, तेव्हा शीख आहारावरचे उंदीर सर्वांत भरदार निघाले. त्यानंतर पठाण आणि तिसरा क्रमांक मराठा आहाराचा होता. सर्वांत शेवटी मद्रासी, म्हणजे पॉलिश तांदूळ, थोडी डाळ, थोडी भाजी आणि नावापुरते दूध. बंगालीही तळाजवळच होता. उतरंड सरळ होती. सबंध धान्य, दूधदुभते आणि ताजी भाजी जसजशी कमी होत गेली, तसतसे उंदीर खुरटत गेले.

आपल्या देशबांधवांनाही त्यांनी यातून सूट दिली नाही. इंग्लंडमधल्या गरीब कामगाराचे जेवण, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, जाम, डब्यातले मांस, उकडलेला कोबी-बटाटा आणि साखर घातलेला चहा, त्यांनी एका गटाला दिले. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले, सांभाळणाऱ्या माणसांना चावू लागले आणि पुढे आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. शेजारच्या पिंजऱ्यातले शीख आहारावरचे उंदीर मात्र गुण्यागोविंदाने राहत होते. आहार बिघडला की स्वभावही बिघडू शकतो, ही गोष्ट अशी पिंजऱ्यात दिसली.

भाताबद्दल मॅकॅरिसन यांनी जे सांगितले, ते कोकणपट्टीला आजही लागू आहे. तांदळाचे जीवनसत्त्व ‘ब’ मुख्यतः वरच्या कोंड्यात आणि कोंबात असते. गिरणीत पॉलिश करताना ते निघून जाते, उरलेले बरेचसे पुन्हापुन्हा धुण्यात आणि वेळून काढलेल्या पेजेबरोबर जाते. हातसडीच्या तांदळात ते टिकते. उकड्या तांदळात भात सालीसकट उकडला जात असल्याने ते दाण्यात मुरते आणि नंतर सडले तरी बरेच शिल्लक राहते. म्हणजे पेज टाकून न देणे किंवा उकडा तांदूळ खाणे ही जुन्या घरांतली रीत निव्वळ काटकसर नव्हती.

या प्रयोगांना मर्यादाही होत्या. उंदीर आपल्या शरीरात जीवनसत्त्व ‘क’ स्वतः तयार करतो, माणूस करू शकत नाही. त्यामुळे स्कर्व्हीसारख्या आजाराचे उत्तर उंदराकडून मिळत नाही, त्यासाठी गिनिपिग किंवा माकड लागते. मॅकॅरिसन यांनी तेही प्राणी वापरले होते. शिवाय मराठा किंवा मद्रासी आहार असा एकच नसतो. एकाच गावात जमीनदाराचे ताट वेगळे आणि मजुराचे वेगळे. उतरंड प्रांतांची दिसली, तरी तिच्यामागे गरिबी होती. मॅकॅरिसन यांनी शेतीविषयक रॉयल कमिशनपुढे हेच मांडले की आजारपणाचे मोठे मूळ अपुऱ्या आणि निकृष्ट अन्नात आहे, म्हणून शेतीचा विचार करताना लोकांच्या पोषणाचाही विचार व्हायला हवा.

१९३३ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९३५ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणाची जबाबदारी सांभाळली. १८ मे १९६० रोजी त्यांचे निधन झाले. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला हलली. आज देशाला कोणी काय आणि किती खावे हे सांगणारी राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. एका खोलीत सुरू झालेल्या आणि एकदा बंद पाडलेल्या कामाचे हे फळ आहे.

वसई-विरारमध्ये घरी उंदीर पाळणाऱ्यांना कुन्नूरच्या पिंजऱ्यांतून बरेच शिकता येईल. मुख्य खाणे सबंध धान्याचे असावे. ज्वारी, बाजरी, गहू, ओट्स, थोडी शिजवलेली डाळ किंवा मोड आलेले कडधान्य, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वसईच्या वाड्यांतून येणारी ताजी पालेभाजी, गाजर, काकडी रोज थोडी द्यावी, पण नीट धुऊन. बिस्किटे, फरसाण, मिठाई टाळावी. उंदराचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला स्वच्छ लाकूड हवे. अंथरुणाला बारीक भुशाऐवजी कागदाचे तुकडे बरे. ओल्या अंथरुणातला लघवीचा उग्र वास उंदरांची फुफ्फुसे बिघडवतो. किनाऱ्याच्या दमट उन्हाळ्यात पिंजरा उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये, उंदराला उष्णता लवकर बाधते.

उंदीर एकटा कुढतो, म्हणून जोडी हवी, पण एकाच लिंगाची. नर-मादी एकत्र ठेवली तर तीन आठवड्यांत घर भरते, आणि व्यायल्यावर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले होऊ द्यायचीच असतील तर विण्याआधी नर वेगळा करावा, मादीला जास्तीचे सकस खाणे द्यावे आणि पाच आठवड्यांच्या आत नर पिल्ले वेगळी काढावीत. पावसाळ्यात रस्त्यावरच्या उंदरांचा पाळलेल्यांशी संपर्क येऊ देऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून पसरतात. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. उंदीर चावला तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या १९९० च्या दशकापासून येत राहिल्या आहेत. नाचणी आणि वरई पिकवणाऱ्या या डोंगरांतल्या मुलाच्या वाटीत सबंध धान्य, डाळ, भाजी आणि दूध किंवा अंडे रोज पडते की नाही, यावर त्याची उंची, त्याचे आजार आणि त्याची शाळा ठरते. कुन्नूरच्या पिंजऱ्यांत हे सिद्ध होऊन नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत.