व्हिस्की-टकिलाच्या शॉटआधी होता ‘पंच’ : पाच गोष्टींच्या त्या दारूची नोंद ठेवणारा डॉक्टर जॉन फ्रायर

वाशीम असो की मुंबई, मित्राच्या लग्नाच्या आदल्या रात्री ग्रुपमधला एक तरी गडी बारटेंडर होतोच. दोन-तीन प्रकारच्या व्हिस्की, त्यावर टकिला, सगळं एकाच छोट्या ग्लासात ओतायचं आणि एका दमात संपवायचं. हे फॅड अमेरिकेतून आलं, असं आपल्याला वाटतं. शॉटपुरतं ते बरोबरही आहे.

पण कडक दारूत इतर गोष्टी मिसळून पेय बनवायचं, ही सवय इंग्रजांना लागली ती भारताच्या किनाऱ्यावर. त्या पेयाचं नाव होतं पंच. हे नाव आपल्या ‘पाच’वरून पडलंय, असं लिहून ठेवणारा माणूस म्हणजे डॉ. जॉन फ्रायर. शिवकाळावरच्या पुस्तकांत ज्याचा संदर्भ हमखास सापडतो, तोच हा फ्रायर.

मुंबईत आलेला तरुण डॉक्टर

फ्रायरचा जन्म साधारण १६५० चा, लंडनच्या एका कुटुंबातला. केंब्रिजमध्ये वैद्यकशास्त्र शिकला आणि ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन म्हणून लागला. डिसेंबर १६७२ मध्ये त्याचं जहाज इंग्लंडहून निघालं. मछलीपट्टण, मद्रास असं करत १६७३ च्या शेवटी तो मुंबईला पोचला.

तेव्हाची मुंबई म्हणजे सात बेटं, दलदल आणि माडाच्या बागा. पोर्तुगीजांकडून ती इंग्लंडच्या राजाकडे आली होती आणि राजानं १६६८ मध्ये कंपनीला दिली होती. कंपनीला इथं मोठं बंदर उभं करायचं होतं. अडचण एकच होती, इंग्लंडहून आलेली माणसं इथं टिकत नव्हती.

फ्रायरनं मांडलेला हिशोब अंगावर येतो. पाचशे इंग्रज आले, तर त्यातले शंभरही वाचत नाहीत, असा त्याचा अंदाज होता. ताप, हगवण, अशक्तपणा यांनी माणसं पटापट जात होती. डास आणि घाण पाण्यामुळे रोग पसरतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. इंग्रज दोष द्यायचे तो खराब हवेला आणि माडांना खत म्हणून घातलेल्या सडक्या मासळीच्या वासाला.

रायगड, जुन्नर आणि पडद्यामागचा हात

६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तिथं हजर होता. फ्रायर स्वतः गेला नाही, पण या वकिलातीची हकिगत त्यानं आपल्या पुस्तकात घेतली. त्यातला एक किस्सा तर भारीच आहे. गडाखालच्या एका म्हाताऱ्या खाटकाचं मटण इंग्रजांनी इतकं संपवलं की, एवढं खाणारी माणसं आहेत तरी कोण हे बघायला तो गड चढून वर आला.

१६७५ मध्ये जुन्नरच्या मुघल अधिकाऱ्यानं उपचारांसाठी फ्रायरला बोलावणं धाडलं. कल्याणमार्गे सह्याद्री चढून तो तिथं पोचला. जनानखान्यातली एक बाई आजारी होती. डॉक्टरची परीक्षा घ्यायची म्हणून पडद्याआडून आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे केला गेला. फ्रायरनं नाडी बघितली आणि हिला काहीच झालेलं नाही, असं सांगून टाकलं. मग खऱ्या रुग्णाचा हात बाहेर आला. याच मुक्कामात त्यानं शिवनेरीही पाहिला.

म्हणजे गडी नुसता ऐकीव गोष्टी लिहिणारा नव्हता. बघायचं, तपासायचं आणि मग लिहायचं, ही डॉक्टरची सवय त्याच्या प्रवासवर्णनातही उतरली.

गोव्यातलं नेरूळ आणि पाच गोष्टींची दारू

पुढे कारवार, गोकर्ण, गोवा असा त्याचा प्रवास झाला. बार्देशातल्या नेरूळ गावाबद्दल त्यानं लिहिलं की, इथला अरक सगळ्यात चांगला असतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्याचाच पंच बनवतात.

हा अरक म्हणजे ताडा-माडाच्या झाडांचा रस आंबवून भट्टीवर गाळलेली दारू. झाडावरून काढलेली ताजी माडी सौम्य असते. ती आंबवून तापवली की पाण्याआधी अल्कोहोलची वाफ होते. ती वाफ थंड केली की कडक दारू हाती येते. मूळ अरबी शब्द ‘अरक’ म्हणजे घाम. भांड्यातून थेंब थेंब गळणारी दारू घामासारखी दिसते, म्हणून हे नाव.

या अरकात साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी घातलं की पंच तयार. एकूण गोष्टी पाच. फ्रायरनं ते नाव इथल्या ‘पाच’शी जोडलं. शिवाय युरोपातले वैद्य पाच घटकांच्या औषधाला डायपेंटे म्हणतात, अशी तुलनाही केली. आपल्याकडच्या पंचामृताचा हिशोब हाच. काही अभ्यासकांना मात्र हे नाव दारूच्या पिंपावरून, म्हणजे पंचनवरून आलं असावं असं वाटतं.

फ्रायर पंचचा शोध लावणारा नव्हे. कंपनीच्या पत्रात हा शब्द १६३२ मध्येच येतो. फ्रायरचं वेगळेपण हे की, याच नोंदीत तो पंचला माणसाची ताकद शोषून घेणारं पेय म्हणतो.

मग इंग्रजांना पंचनंच मारलं का?

इथं फ्रायर घाई करत नाही. मुंबईत इंग्रज मरत असताना इथली माणसं आणि इथलेच झालेले पोर्तुगीज मात्र चांगले म्हातारे होतात, हे त्याच्या नजरेत भरलं. ही माणसं कडक दारू पीत नाहीत आणि आपल्यासारखं मांसावर तुटूनही पडत नाहीत, याचं हे फळ मानलं जातं, असं त्यानं नोंदवलं.

पण पुढे त्यानं हेही मान्य केलं की, कित्येकदा जपून राहणारे धट्टेकट्टे तरुणच आधी जातात. त्यामुळे सगळा दोष दारूचा नाही. परदेशातून आणून लावलेल्या रोपाला इथली माती मानवत नाही, तसं आपलं झालंय, असं त्याला वाटत होतं. रोगजंतूंचा शोध लागायच्या कितीतरी आधी एका डॉक्टरनं काढलेला हा निष्कर्ष होता.

पंच ते शॉट

१६७७ मध्ये फ्रायर इराणला गेला, तिथून परत सुरतला आला आणि १६८२ मध्ये इंग्लंडला परतला. आठ लांबलचक पत्रांच्या रूपातलं त्याचं पुस्तक १६९८ मध्ये, म्हणजे तब्बल १६ वर्षांनी छापून आलं. त्याआधी १६९७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला फेलो म्हणून निवडलं होतं.

तोवर पंच खलाशांसोबत इंग्लंडला पोचला होता. तिथून तो अमेरिकेत गेला. १८६२ मध्ये जेरी थॉमस या बारटेंडरचं मिश्र पेयांवरचं पुस्तक आलं, त्याची सुरुवातसुद्धा पंचपासूनच होते.

पंच मोठ्या भांड्यात बनायचा आणि सगळे मिळून तो निवांत प्यायचे. पाच घटकांत दारू एकच, आणि पाणी, लिंबू तिला पातळ करायचे. व्हिस्की-टकिलाच्या शॉटमध्ये पाणीच उरलेलं नाही. चार दारू एकत्र केल्या म्हणून शॉट चौपट कडक होत नाही. ४२.८ टक्क्यांच्या दारू कितीही मिसळल्या तरी मिश्रण ४२.८ टक्केच राहतं. पण प्रत्येकी १५ मिली म्हटलं तरी ६० मिली, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल एका घोटात पोटात जातं. नशा जाणवायच्या आतच पुढचा ग्लास भरलेला असतो. धोका आहे तो या वेगात.

फ्रायरनं पाहिलेला पंच तर पाणी घातलेला होता. तरीही त्याला तो ताकद शोषणाराच वाटला. ज्या मुंबईत पाचातला एकही इंग्रज धड वाचत नव्हता, तिथून हा डॉक्टर सुखरूप परतला आणि ३१ मार्च १७३३ ला, वयाची ऐंशी ओलांडून गेला.