खुर्ची सोडून आलेला वकील : दादासाहेब खापर्डे

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहिणार होते. मधली सुट्टी, खासबागेकडून घरी जाणारा रस्ता, पेठेतल्या फुटबॉलची भांडणं. पण गेल्या वर्षी आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रसंग घडला आणि विषय बदलला.

आमच्यातली एक मैत्रीण बरीच वर्षं सरकारी वकील होती. तिने ते काम सोडलं आणि आरोपींच्या बाजूने वकिली सुरू केली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की आता हिला पैसा दिसला. मी त्यावर हसरा चेहरा टाकला. दोन दिवसांनी ती ग्रुपमधून निघून गेली. मी सॉफ्टवेअरवाली बाई, कायद्यातलं मला काय कळतं! पण ते मनाला लागून राहिलं, आणि वाचता वाचता गणेश श्रीकृष्ण खापर्डे भेटले.

शिर्डीच्या डायरीमुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातल्या इंगरोळीचा. १८८४ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले आणि १८८५ ते १८९० या काळात वऱ्हाडातच मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते. म्हणजे ते सरकारी वकील नव्हते, तर त्याहून एक पायरी वर, निवाडा करणाऱ्या सरकारी खुर्चीवरच बसत होते. त्या काळी आपल्या माणसाला अशी नोकरी मिळणं म्हणजे घराण्याचं भाग्य. खापर्ड्यांनी ती १८९० मध्ये सोडली आणि अमरावतीत वकिली सुरू केली. जी यंत्रणा आतून पाहिली होती, तिच्यासमोर ते अशिलांसाठी उभे राहू लागले.

त्यांची वकिली जोरात चालली. राहणी इतकी थाटाची की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. पैसा दिसला म्हणून खुर्ची सोडली, असं तेव्हाही कुणी म्हणालं असेल. पुढे मात्र याच माणसाने तो पैसा देणारा धंदा बाजूला ठेवला.

१८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष खापर्डे होते, आणि त्यांचे स्नेही लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. त्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीवर तेच दावर होते. त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि ज्यूरीच्या सात विरुद्ध दोन अशा कौलानंतर सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

हे वाचून मी थांबले. दावर बचावाकडून खुर्चीवर गेले, खापर्डे खुर्चीवरून बचावाकडे आले. बाजू दोघांनीही बदलली. तेव्हा नुसती बाजू बदलली म्हणून माणूस चांगला किंवा वाईट ठरत नाही. नव्या जागी उभा राहून तो काय करतो ते बघावं लागतं.

खापर्डे ऑगस्ट १९०८ मध्ये विलायतेला निघाले. प्रिव्ही कौन्सिलमध्ये टिळकांसाठी दाद मागायची होती. तिथे ते दोन वर्षं राहिले. अमरावतीतली चालती वकिली तशीच पडून राहिली. कौन्सिलने दाद दिली नाही, इतर खटपटींनाही यश आलं नाही. १९१० मध्ये परतताना ते ब्रह्मदेशात उतरले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. सांगायला चांगली बातमी नव्हती, तरी गेले. टिळक १९१४ मध्ये, जवळजवळ पूर्ण शिक्षा भोगूनच सुटले.

आपण कोल्हापूरचे, म्हणून एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोल्हापूर संस्थानात जहागीर असलेल्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्रानुसार टिळक आणि खापर्डे त्यांचे विश्वस्त होते. त्यातून ताईमहाराज प्रकरण उभं राहिलं. १९०१ मध्ये औरंगाबादला झालेल्या दत्तकविधानाच्या वेळी खापर्डे टिळकांबरोबर होते. कोल्हापूर दरबार दुसऱ्या बाजूला होता. मंगळवार पेठेत शाहू महाराजांचं नाव घेऊन वाढलेल्या मला ही मंडळी परक्या गोटातलीच वाटत आली. प्रकरण टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप येण्यापर्यंत गेलं. खालच्या कोर्टाने शिक्षाही दिली. ती उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये रद्द केली, आणि दत्तकाचा निकाल १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये त्यांच्या बाजूने लागला. पेठेतल्या कट्ट्यावर १९०३ मध्ये कुणी विचारलं असतं तर आपण सगळ्यांनी त्यांना दोषी ठरवून टाकलं असतं. बचावाचा वकील लागतो तो यासाठीच.

माझ्या कामात प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा असतो आणि त्यातल्या चुका शोधणारा वेगळा. चुका शोधणाऱ्यावर सगळे वैतागतात. पण ज्याने आधी स्वतः प्रोग्रॅम लिहिले आहेत, त्याला घाई कुठे झाली असेल ते बरोबर कळतं. सरकारी बाजूने उभं राहिलेल्या माणसाला पुरावा कुठे कच्चा राहतो ते असंच कळत असणार.

पुढे खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद झाले, गांधीजींच्या असहकाराशी त्यांचं जमलं नाही, आणि १ जुलै १९३८ रोजी ते गेले. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण हरलेला खटला घेऊन मंडालेपर्यंत गेलेला वकील मला विसरता येत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की स्नेहमेळाव्याच्या दिवशी सकाळी तिची एका जामिनाची सुनावणी आहे, ती आटोपून येईल. मी मिरजकर तिकटीवर तिची वाट बघणार आहे. तिथून शाळेत आम्ही दोघी बरोबर येऊ.