एक तीळ सात जणांत वाटणारा हिशेब : ना. म. जोशी

पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरीकडे ज्यांच्या घरची माणसं कारखान्यात आहेत, त्या मैत्रिणींना ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द समजावून सांगायला नको. गाड्यांचा खप घटला की कारखाना चार-सहा दिवस बंद ठेवायचा, पण माणसं काढायची नाहीत. 2008च्या मंदीत हे झालं, 2019 मध्येही झालं. त्या दिवसांत घरोघरी एकच हिशेब चालतो. पगार थोडा कमी आला तरी चालेल, पण नोकरी राहू दे देवा!

काम कमी झालं की सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी करायचे, की काहींना कायमचं घरी बसवायचं? हा प्रश्न काही आजचा नाही. ज्यांनी जन्मभर कामाच्या तासांचा हिशेब मांडला, ते होते ना. म. जोशी. मुंबईत लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग आपण ऐकलेला असतो. पण ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे, ते कोण हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 5 जून 1879चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिकायला ते पुण्यात आले. न्यू इंग्लिश स्कूल, मग डेक्कन कॉलेज, आणि 1901 मध्ये पदवी. पुढे आठेक वर्षं मास्तरकी केली. तशीच ती करत राहिले असते, तर एक सुखी, पेन्शनर मास्तर म्हणून आयुष्य गेलं असतं. पण 1909 मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी ही संस्था 1905 मध्ये पुण्यात काढली होती. तुटपुंज्या मानधनावर देशाचं काम करायचं, हा तिथला शिरस्ता. जोशींच्या वाट्याला आली मुंबई आणि तिथले गिरणगावातले कामगार.

तिथे त्यांनी काय पाहिलं? एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, सावकाराचं कर्ज आणि बारा-बारा तासांची पाळी. 1911 मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रीच्या शाळा, वाचनालयं, सहकारी पतपेढ्या असं काम सुरू झालं. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की बारा तास खपून आलेला माणूस रात्रशाळेत पेंगणारच. आधी तास कमी व्हायला हवेत!

1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतातल्या कामगारांच्या वतीने जोशी गेले. जगासाठी तिथे आठवड्याला 48 तासांचा नियम ठरला, भारतासाठी मात्र 60 तासांचा. तरी ती सुरुवात होती. 1922च्या कायद्याने 60 तासांची मर्यादा इथे आली. 1920 मध्ये आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली, तिच्याही उभारणीत जोशी होते. 1921 पासून तर पंचवीसेक वर्षं ते दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले. आणि हे तर आपण बायकांनी विसरूच नये : 1924 मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक त्यांनीच तिथे मांडलं होतं. ते नामंजूर झालं, पण पाच वर्षांनी, 1929 मध्ये, मुंबई इलाख्याने असा कायदा केला.

मग आली मंदी. मुंबईच्या गिरण्यांना ती 1925च्या सुमारासच जाणवू लागली. मालकांचा पहिला उपाय पगार कापण्याचा, दुसरा माणसं कमी करण्याचा. दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवायचे, म्हणजे तिसऱ्या मागावरचा माणूस घरी! याच भीतीतून 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. जोशी स्वभावाने मवाळ. उठसूट संप त्यांना पसंत नव्हता. जहाल पुढाऱ्यांशी त्यांचं पटत नसे. तरीही त्या संपाच्या संयुक्त समितीत ते बसले, कारण प्रश्न चुलीचा होता.

पुढे 1929 नंतर सगळं जगच मंदीत सापडलं. अमेरिकेत केलॉग कंपनीने 1930 मध्ये आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या आणि जास्त हातांना काम दिलं. बेकारी वाटून घ्यायची, या विचारातूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1935 मध्ये 40 तासांच्या आठवड्याचा ठराव केला. आपल्याकडे गाडी हळू चालली. 1929च्या रॉयल कमिशनवर जोशी सभासद होते. त्याचा अहवाल 1931 मध्ये आला आणि 1934च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत 60चे 54 तास झाले. 1946 मध्ये 48 झाले.

आता यातली मेख बघा. तास कमी झाले, हे ऐकायला गोड. पण गिरणीत रिळं भरणाऱ्या, सूत गुंडाळणाऱ्या बायका उक्त्यावर काम करायच्या. जेवढं काम तेवढे पैसे. त्यांचे तास कमी म्हणजे हातात पडणारे पैसेही कमी. मालकाचं नुकसान कामगाराने वाटून घ्यायचं, तर मालकाच्या वाट्याला काय? म्हणूनच तासांच्या कायद्याबरोबर पगाराचा कायदाही हवा. ही गोष्ट कायद्यात यायला 1953 उजाडलं. काम नाही म्हणून तात्पुरतं बसवलेल्या कामगाराला 45 दिवसांपर्यंत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई, असं त्या वर्षीच्या दुरुस्तीने ठरलं. जोशींनी ते पाहिलं. 30 मे 1955 रोजी ते गेले.

त्यांच्या नावावर मोठी भाषणं नाहीत, पुतळ्यांची गर्दी नाही. बाराचे अकरा, अकराचे दहा, दहाचे आठ तास, असा एकेक तास कामगाराच्या पदरात पडत गेला. त्यामागे या चिकट माणसाची उभी हयात आहे.

एक तीळ सात जणांत वाटून खावा, असं आपल्याकडे म्हणतात. पण तो वाटताना सातवा वाटा मालकानेही उचलावा लागतो, तर ते वाटणं. म्हणून मैत्रिणींनो, घरच्या माणसाच्या, किंवा आपल्या स्वतःच्या कारखान्यात कधी तास कमी झालेच, तर दोन गोष्टी जरूर विचारा. कमी सगळ्यांचे झाले, की फक्त कंत्राटी आणि बायकांचे? आणि बंद दिवसांचे पैसे किती, कोण देणार? पगाराची चिठ्ठी नीट वाचा, जपून ठेवा. नोकरी टिकली याचा आनंद आहेच, पण हिशेब चोख हवा.