कमजोर पायाचे उस्ताद

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात मुलांना फुटबॉल शिकायला धाडणाऱ्या आई-वडिलांनी सय्यद अब्दुल रहीम हे नाव जरूर ऐकवावे. आपले शहर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथले हे शाळामास्तर. जन्म १९०९ चा. मुलांसाठी त्यांनी केवळ कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या. १९५० पासून हैदराबाद पोलीस संघ त्यांच्या हाती आला आणि त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वर्षे जिंकला. भारताला त्यांनी १९५१ साली आशियाई सुवर्ण मिळवून दिले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानी नेले.

१९६२ साली जकार्तात अंतिम सामन्यासाठी त्यांनी आजारातून उठलेल्या पीटर थंगराजवर गोलरक्षणाचा भरवसा टाकला. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेलसिंग आघाडीला खेळला आणि त्याने गोलही केला. दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

रमजानही हेच शिकवतो. जिथे आपण कमजोर, तिथलाच सराव महिनाभर करायचा.