लोण्याचा गोळा

जुबेदा म्हटले की जुन्या सिनेमाशौकिनांना 'आलम आरा' आठवतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या त्या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका जुबेदा. तिची आई फातमा बेगम, देशातली पहिली स्त्री-दिग्दर्शक. श्याम बेनेगल यांचा २००१ सालचा 'जुबैदा' दुसऱ्याच जुबेदाचा. तो खालिद मोहम्मद यांनी स्वतःच्या आईच्या आयुष्यावर लिहिला. पण या नावाला मोठा मान मिळवून दिला तो बाराशे वर्षांपूर्वीच्या बगदादच्या बेगमने.

खरे तर ते तिचे पाळण्यातले नाव नव्हेच. आजोबा खलिफा मन्सूर यांनी गुटगुटीत नातीला लाडाने जुबेदा म्हटले, म्हणजे लोण्याचा गोळा. आपल्याकडे एखादीला छकुली म्हणावे आणि जन्मभर तेच चिकटावे, तसे झाले. पुढे तिचा निकाह चुलतभाऊ हारून रशीदशी झाला. अरबी सुरस कथांमधला खलिफा हारून तो हाच.

महालात थाट होता, दागदागिने होते. जुने इतिहासकार असेही लिहितात, की तिच्या पदरच्या शंभर दासींना कुरआन मुखोद्गत होते आणि त्यांच्या पठणाने महाल मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत असे.

हजला गेल्यावर मात्र तिने पाण्याचे हाल पाहिले. मक्केत पखालभर पाण्याला सोन्याचे मोल. तिने डोंगर फोडून, जमिनीखालून दगडी पाट काढून हुनैन आणि नुमान खोऱ्याचे पाणी मक्का व अरफातपर्यंत आणले. कुदळीच्या प्रत्येक घावाला एक दिनार पडला तरी काम थांबवू नका, असे तिने कारागिरांना बजावल्याची आख्यायिका आहे. खर्च सतरा लाख दिनार सांगतात. कूफा ते मक्का या हजाराहून अधिक किलोमीटरच्या वाळवंटी वाटेवरही तिने विहिरी, हौद आणि मुक्कामाच्या जागा बांधल्या. काही हौदांना शेजारी छोटी टाकी असे. पुराचे पाणी आधी तिथे निवळायचे, गाळ खाली बसला की मग मोठ्या हौदात. ही वाट आजही दर्ब जुबेदा म्हणून ओळखली जाते.

तिच्या स्वतःच्या वाट्याला काय आले? ८०९ मध्ये हारून वारला. पोटचा मुलगा अमीन गादीवर बसला आणि सावत्र मुलगा मामूनशी त्याचे युद्ध पेटले. ८१३ मध्ये मामूनच्या फौजेने बगदाद घेतले आणि अमीन मारला गेला. सुडाची भाषा करणारे कमी नव्हते. ती त्या वाटेला गेली नाही. माझ्या मते कालव्यापेक्षाही हे अवघड काम होते.

८२५ मध्ये मामून आणि बूरानचे लग्न थाटात झाले, तेव्हा जुबेदा तिथे हजर होती. नव्या नवरीला मामूनने काय हवे ते माग म्हटले. बूरानने जे मागितले त्यात एक मागणे जुबेदासाठी होते: तिला पुन्हा हजला जाऊ द्यावे. मामूनने परवानगी दिली.

८३१ मध्ये बगदादलाच तिचे निधन झाले. पुढे साडेतीनशे वर्षांनी अंदलुसियाहून आलेला प्रवासी इब्न जुबैर त्याच वाटेने परतला आणि तिथले हौद पाहून त्याने तिचे नाव आदराने लिहून ठेवले. मक्केत तिच्या कालव्याचे पाणी विसाव्या शतकापर्यंत लोक पीत होते.